प्रॅक्टिकल पिस्तूल नेमबाजी: बेळगावात राहून सुरुवात कशी करावी?

उद्यमबागकर:
नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, वय २६, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करतो. प्रॅक्टिकल शूटिंगचे व्हिडिओ बघून या खेळानं मनात घर केलंय. टायमर वाजला की कमरेचं पिस्तूल काढायचं, आडोशामागून, खिडकीतून, वाकून, चालत चालत पुठ्ठ्याची आणि लोखंडाची लक्ष्यं टिपायची, मध्येच मॅगझिन बदलायचं. अचूकपणा आणि वेग दोन्ही एकत्र मोजतात.

माझ्याकडे परवाना नाही, हत्यार नाही. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेत, त्यामुळे घरात फौजी शिस्त आहे, पण पिस्तूल मी अजून हातात धरलेलं नाही. विचारायचं ते असं: आधी परवाना काढून ०.३२ चं पिस्तूल घ्यावं का? सराव कुठे करायचा? ओळखीच्या एकांचं खानापूर बाजूला शेत आहे, तिथल्या माळावर सराव केला तर चालेल का? आणि सुरक्षितपणे शिकायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

निपाणीकर_वकील:
माळाचा विचार आजच सोडा. परवाना नसताना दुसऱ्याचं हत्यार माळावर नेऊन चालवलंत तर तुमच्यावर शस्त्र कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हा होतो आणि ज्यांचं हत्यार, तेही अडकतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना साधं अग्निशस्त्र बाळगलं तरी शिक्षा २ ते ५ वर्षं आहे. प्रतिबंधित बोअरचं, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेल्या नळीच्या मापाचं असेल तर ७ ते १४ वर्षं.

कायदा बाजूला ठेवला तरी माळ म्हणजे रेंज नव्हे. रेंजला गोळी अडवणारा मातीचा उंच बांध असतो. ०.२२ सारखी छोटी गोळीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. खानापूरच्या बाजूला झाडीआड कोण गुरं राखत असेल, कोण लाकडं गोळा करत असेल, ते दिसत नाही.

आता परवाना. अर्ज ऑनलाइन होतो, पोलीस पडताळणी होते, वय २१ पूर्ण लागतं, आणि २०१६ च्या नियमांप्रमाणे शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. परवाना ५ वर्षांचा असतो. सामान्य माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं ठेवता येतात. स्वसंरक्षणासाठी परवाना मागायचा तर जिवाला धोका काय, ते दाखवावं लागतं. खेळासाठी म्हणून मागायचं असेल तर क्लबचं सदस्यत्व, स्पर्धांमधला सहभाग ही कागदपत्रं आधी तयार लागतात. म्हणजे क्रम उलटा आहे. आधी खेळाडू व्हायचं, मग परवान्याला अर्ज करायचा.

जोबर्गकर:
मी मूळचा संकेश्वरचा, बरीच वर्षं जोहान्सबर्गला आहे. इथे क्लबात हाच खेळ खेळतो, म्हणून लिहितोय.

या खेळाची जागतिक संघटना आयपीएससी. ती १९७६ साली अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या कोलंबिया गावी स्थापन झाली आणि जेफ कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष. ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये तीन शब्दांचं आहे: अचूकता, ताकद, वेग. आशियातही हा खेळ रुजलाय. हँडगनची जागतिक स्पर्धा २००८ मध्ये बालीला आणि २०२२ मध्ये थायलंडला पट्टायाला झाली.

उद्यमबागकर, तुमच्या ०.३२ च्या प्रश्नाचं उत्तर या खेळाच्या नियमातच आहे. इथे लहानात लहान काडतूस चालतं ते ९×१९ मिमी. शिवाय ‘पॉवर फॅक्टर’ मोजतात: गोळीचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फूट प्रति सेकंद, भागिले १०००. तो किमान १२५ यावा लागतो. १२४ ग्रेनची ९ मिमीची गोळी १०५० च्या वेगानं गेली तर १३० येतो. ०.३२ ची गोळी साधारण ७१ ग्रेनची, वेग ९०० धरा, म्हणजे ६४. जेमतेम निम्मा. तेव्हा लाखभर रुपये घालून ०.३२ घेतलंत तरी ते घेऊन या मॅचमध्ये उभं राहता येणार नाही.

निपाणीकर_वकील:
आणि ९ मिमी भारतात प्रतिबंधित बोअरमध्ये येतं. सामान्य परवान्यावर ते मिळत नाही. हे वर लिहायचं राहिलं होतं, जोबर्गकरांनी बरोबर जागी आणलं.

उद्यमबागकर:
म्हणजे दार बंदच?

दहा_मीटर:
बंद नाही, दुसऱ्या बाजूला आहे. मी एअर पिस्तूल शिकवते, काही मुलं बेळगावची आहेत, काही गडहिंग्लज-चंदगडकडची. सविस्तर लिहिते, कारण असे फोन मला वारंवार येतात आणि बहुतेक जण काय विकत घेऊ, हेच आधी विचारतात.

सुरुवात १० मीटर एअर पिस्तूलनं करा. ४.५ मिमी बोअरचं आणि २० जूलच्या आतलं हवेचं हत्यार असेल तर परवाना लागत नाही. स्पर्धेचं एअर पिस्तूल त्या मर्यादेच्या खूप आत असतं. पण परवाना नाही म्हणजे खेळणं नाही. त्या छर्‍यानं डोळा जातो. आमच्या रेंजवर एअर पिस्तुलालाही खऱ्या पिस्तुलाचेच नियम लावतो, आणि त्याचं कारण तुमच्यासारखी मुलं आहेत, जी पुढे मोठ्या पिस्तुलाकडे जाणार आहेत. हाताला सवय इथे लागते.

१० मीटरवर दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं असतं. ७५ मिनिटांत ६० फैरी. तुम्हाला वाटेल, वेगाच्या खेळासाठी एवढा संथ खेळ कशाला? कारण ट्रिगर दाबताना नळी हलवायची नाही, ही एकच गोष्ट इथे निवांतपणे शिकता येते. पहिले काही दिवस मी छर्रा देतच नाही. उभं राहणं, पकड, पुढच्या माशीवर (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर) नजर, ट्रिगर. मग काळं वर्तुळ नसलेल्या कोऱ्या कागदावर. कोऱ्या कागदावर गुण मोजता येत नाहीत, त्यामुळे मूल फक्त स्वतःच्या हाताकडे लक्ष देतं. मला ही पायरी फार महत्त्वाची वाटते आणि नेमकी हीच टाळायची घाई सगळ्यांना असते.

पुढे २५ मीटर, ०.२२ पिस्तूल, क्लबच्या हत्यारावर आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. तुमच्या मनातला वेग इथे भेटतो. स्टँडर्ड पिस्तूलमध्ये पाच फैरींच्या मालिका १५०, २० आणि १० सेकंदांत असतात. रॅपिड फायरमध्ये पाच वेगवेगळ्या लक्ष्यांवर पाच फैरी, आधी ८ सेकंदांत, मग ६, मग ४. हात ४५ अंशांत खाली ठेवून सुरुवात करायची. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये विजय कुमार यांना याच प्रकारात रौप्य मिळालं, तेही फौजेचेच. महिलांच्या २५ मीटरमध्ये दुसऱ्या टप्प्यात ३ सेकंद लक्ष्य दिसतं, तेवढ्यात हात वर आणून एक फैर, मग ७ सेकंद थांबायचं. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते या प्रकारात. आपल्यापासून दोन-अडीच तासांवरच्या गावातली मुलगी आहे ती.

चार सेकंदांत पाच लक्ष्यं टिपणारा माणूस पुढे कधी परदेशात गेला आणि तिथल्या प्रॅक्टिकल क्लबात उभा राहिला, तर त्याला पायावर चालणं आणि होल्स्टर एवढंच नव्यानं शिकायचं राहतं.

जोबर्गकर:
ताईंशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडे नवीन आलेल्यांत ऑलिम्पिक प्रकारातून आलेले लोक लगेच कळतात. त्यांचं बोट ट्रिगरवर उगीच जात नाही.

हवालदार_काका:
उद्यमबागकर बाळा, तुझ्या वडिलांना रामराम सांग. मी पण मराठा लाइट इन्फंट्रीचाच, आता खानापूर तालुक्यात शेती बघालोय.

ताईंनी छर्रा देत नाही म्हणून लिहिलंय ते वाचून बरं वाटलं. फौजेत रंगरूटाला पहिल्या दिवशी गोळी मिळत नाही. आधी हत्यार खोलायचं, जोडायचं, ‘भर’ म्हटलं की काय, ‘खाली कर’ म्हटलं की काय, हे झोपेतून उठवलं तरी हाताला यायला पाहिजे. मग फायरिंग.

मी पोरांना चार गोष्टी सांगतो. हत्यार नेहमी भरलेलं आहे असंच धरायचं, स्वतः बघितलं असलं तरी. ज्याला मारायचं नाही त्याच्याकडे नळीचं तोंड न्यायचं नाही. नेम धरून मारायचं ठरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, सरळ बॉडीवर. आणि लक्ष्याच्या मागं काय आहे ते माहीत पाहिजे. यातली एक चुकली तरी बाकीच्या तीन जीव वाचवतात. खरं दोन एकदम चुकल्या की माणूस जातो.

पिस्तूल खाली करताना क्रम लई महत्त्वाचा. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागं ओढून चेंबर, म्हणजे नळीतली गोळीची जागा, रिकामं करायचं. उलटं केलंस, म्हणजे आधी स्लाइड ओढलीस आणि मग मॅगझिन काढलंस, तर चेंबरमधली गोळी बाहेर पडते आणि मॅगझिनमधली दुसरी आत जाऊन बसते. हातात मॅगझिन असतंय, जमिनीवर गोळी दिसते, माणसाला वाटतं रिकामं झालं. असंच लोकांच्या हातून घात होतो. म्हणून स्लाइड मागं धरून डोळ्यानं बघायचं, अंधार असला तर करंगळी घालून चाचपायचं. दुसऱ्याला दिलं की त्यानं परत बघायचं. त्यात कुणाचा अपमान नाही.

ट्रिगर दाबला आणि गोळी उडाली नाही, तर नळी समोरच ठेवून थांबायचं. निदान अर्धा मिनिट. कधी कधी बार उशिरा होतो. आणि आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर तिथंच थांब, दुसरी मारू नको. पहिली गोळी नळीत अडकलेली असू शकते, दुसरी मारली की नळी फुटते.

मशीनवर काम करतोस ना? स्पिंडल फिरत असताना हात आत घालत नाहीस, थांबलाय असं वाटलं तरी बघून घालतोस. तसंच आहे हे.

उद्यमबागकर:
काका, वडिलांना दाखवलं. त्यांनी पूर्ण वाचलं आणि क्रमाबद्दल लिहिलंय ते मला पुन्हा मोठ्यानं वाचायला लावलं.

माळमारुती:
मी वेगळं मत मांडतो, रागावू नका. लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडल्याच्या बातम्या आपण वाचतो. मुलांना रील्समध्ये पिस्तूल दिसलं की त्याचं वेड लागतं. त्यात पळत पळत गोळ्या मारायचा खेळ. आपल्या भागात याला प्रोत्साहन द्यावं का, याचा विचार करायला हवा. मला दोन मुलगे आहेत, म्हणून काळजीनं विचारतोय.

निपाणीकर_वकील:
काळजी रास्त आहे. वरातीतला गोळीबार हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. आनंदाच्या भरात किंवा बेदरकारपणे गोळी झाडून कुणाच्या जिवाला धोका केला तर २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाना जातो तो वेगळाच.

दहा_मीटर:
माळमारुती, तुमच्यासारखे पालक येऊन समोर बसून विचारतात तेव्हा मला बरंच वाटतं. माझा अनुभव असा की, ज्या मुलाला पिस्तुलाचं आकर्षण आहे ते रेंजवर आल्यावर दोन प्रकारानं वागतं. एक तर आठवड्यात कंटाळून जातं, कारण इथे कोऱ्या कागदापुढे तासभर उभं राहावं लागतं. नाहीतर त्या शिस्तीतच रमतं. मिरवायची हौस असलेलं मूल फार दिवस टिकत नाही. आणि रेंजवर कुणी गमतीनं जरी दुसऱ्याकडे नळी फिरवली, तर त्या दिवशीच त्याचा सराव बंद. पालकांना बोलावूनच परत घेतो.

जोबर्गकर:
यात माझी भर. प्रॅक्टिकलच्या मॅचमध्ये ‘डीक्यू’ म्हणजे अपात्र ठरवणं किती सहज होतं ते सांगितलं तर माळमारुतींना अंदाज येईल. खाली जे आहे ते उद्यमबागकरनंही नीट वाचावं, कारण व्हिडिओत हे दिसत नाही.

मॅचच्या आवारात सगळ्यांची पिस्तुलं रिकामी असतात. गोळ्या कमरेला असतात, पण रेंज ऑफिसरनं सांगितल्याशिवाय पिस्तुलात भरायच्या नाहीत. होल्स्टरमधून पिस्तूल काढून पाहायचं असेल, साफ करायचं असेल, तर ‘सेफ्टी एरिया’ नावाची आखलेली जागा असते. तिथे पिस्तूल हाताळता येतं, पण गोळीला हात लावायचा नाही, अगदी सरावाच्या नकली गोळीलासुद्धा. लावलात तर दिवस संपला. पिस्तूल आणि गोळी यांची गाठ फक्त ऑफिसरसमोर, हे त्यामागचं तत्त्व.

तुमची पाळी आली की ऑफिसर ठरलेले शब्द बोलतो, जगभर तेच, इंग्रजीतच. ‘लोड अँड मेक रेडी’ म्हटल्यावर भरायचं आणि होल्स्टरमध्ये ठेवायचं. ‘आर यू रेडी?’ मग ‘स्टँडबाय’, आणि एक ते चार सेकंदांत टायमर वाजतो. संपल्यावर ‘इफ यू आर फिनिश्ड, अनलोड अँड शो क्लिअर’. तुम्ही काकांनी सांगितलेल्या क्रमानं रिकामं करून चेंबर दाखवता. मग ‘इफ क्लिअर, हॅमर डाउन, होल्स्टर’, म्हणजे बांधाकडे नळी ठेवून रिकामा ट्रिगर दाबायचा आणि पिस्तूल ठेवायचं. ‘रेंज इज क्लिअर’ म्हटल्याशिवाय कुणीही पुढे पाऊल टाकायचं नाही. हे शब्द घरी बसून पाठ करा, पैसे लागत नाहीत.

आता डीक्यू. नळी दोन्ही बाजूंना ९० अंशांपलीकडे मागे वळली, तर डीक्यू. डावीकडे पळताना उजव्या हातातलं पिस्तूल सहज मागे वळतं, म्हणून नवख्यांना पहिल्यांदा हेच शिकवतात. चालताना, मॅगझिन बदलताना, अडकलेली गोळी काढताना बोट ट्रिगरवर दिसलं, तर डीक्यू. गोळी तुमच्यापासून ३ मीटरच्या आत जमिनीत गेली किंवा बांधावरून गेली, डीक्यू. भरताना, रिकामं करताना बार झाला, डीक्यू. स्टेज, म्हणजे मॅचमधली तुमची एक फेरी, चालू असताना पिस्तूल हातातून पडलं, ते रिकामं असलं तरी डीक्यू. आणि पडलेलं पिस्तूल आपण उचलायचं नाही, रेंज ऑफिसरच उचलतो. पडताना ते झेलायलाही जाऊ नये. झेलताना बोट ट्रिगरमध्ये अडकून बार होतो.

जगज्जेता असो की पहिल्या दिवसाचा, नियम एकच. हुज्जत नाही. त्या दिवसाचा खेळ संपतो, माणूस उरलेला वेळ लक्ष्यांवर चिकटपट्ट्या लावायला मदत करतो आणि पुढच्या मॅचला परत येतो.

लक्ष्याचा आकारही सांगतो: पुठ्ठ्याचं तपकिरी अष्टकोनी लक्ष्य, डोकं-खांदे नसलेलं.

चंदगडची_आई:
माझी मुलगी १३ वर्षांची आहे. शाळेतल्या एका स्पर्धेत एअर रायफल धरली तेव्हापासून मागे लागलीय, पण तिला पिस्तूलच हवंय. एवढ्या वयात चालतं का? आणि आम्ही महाराष्ट्रात, बेळगाव आम्हाला कोल्हापूरपेक्षा जवळ. शिकायला बेळगावला आणलं तर खेळायचं कुठून?

दहा_मीटर:
वय बरोबर आहे. एअर पिस्तूल १५०० ग्रॅमपर्यंत असू शकतं, ते तिला आत्ता जड जाईल, म्हणून क्लबात हलकं पिस्तूल आहे का ते विचारा. मनगटावर ताण येतोय असं वाटलं तर दिवस कमी करा, वजन वाढवू नका. शिसं असतं छर्‍यात, तेव्हा सराव झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही. हा नियम मोठ्यांनाही.

शिकणं कुठेही चालतं, सीमेला कोण विचारतंय. खेळताना मात्र एका वेळी एकाच राज्याकडून. तुमचा रहिवास महाराष्ट्राचा, तर महाराष्ट्र रायफल असोसिएशनकडून. उद्यमबागकर, तुम्ही कर्नाटक राज्य रायफल असोसिएशनकडून. दोन्ही राष्ट्रीय संघटनेला जोडलेल्या आहेत. राज्याच्या स्पर्धेनंतर ग. वा. मावळंकरांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा असते, तीतून राष्ट्रीयला जायची वाट आहे. लोकसभेचे पहिले सभापती ते हेच, १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन होण्यात त्यांचा पुढाकार होता.

क्लब निवडताना मी काय बघायला सांगते: राज्य संघटनेशी संलग्न आहे का, ते कागदावर दाखवायला सांगा. मग अर्धा दिवस नुसतं मागच्या बाकावर बसा. फायरिंग लाइनच्या पुढे माणूस गेला तेव्हा सगळी पिस्तुलं रिकामी करून टेबलावर ठेवली होती का? नळीत नारिंगी सेफ्टी फ्लॅग दिसतो का? प्रशिक्षक पोरांच्या मागे उभा असतो की मोबाइलवर? एअर पिस्तुलाच्या सिलिंडरवर मुदतीची तारीख असते, दहा वर्षांनंतर तो वापरायचा नसतो. तारीख संपलेले सिलिंडर सर्रास भरताना दिसले तर तिथून उठा. २०० बार दाब असतो आत.

निपाणीकर_वकील:
सीमेवरच्यांसाठी एक. एअर पिस्तुलाला अडचण नाही, खरेदीची पावती सोबत ठेवा. पण पुढे कधी अग्निशस्त्राचा परवाना घेतलात तर त्यावर तो कुठल्या क्षेत्रात चालतो ते लिहिलेलं असतं. फक्त कर्नाटकापुरता असेल आणि तुम्ही हत्यार घेऊन शिनोळी ओलांडलीत, की तुम्ही महाराष्ट्रात विनापरवाना आहात. आपण रोज भाजीला, लग्नाला, दवाखान्याला ही हद्द ओलांडतो, त्यामुळे लक्षात राहत नाही. निवडणुकीच्या काळात हत्यार जमा करण्याचा आदेश निघतो, तोही दोन राज्यांत वेगवेगळ्या वेळी निघू शकतो.

कुणी कोडगूचं उदाहरण देतात म्हणून सांगतो: कोडवांना आणि जम्मा जमीनधारकांना परवान्यातून जी सूट आहे ती त्यांच्यापुरती आहे, आणि ती रायफल-बंदुकीला आहे. बेळगावकराला तिचा उपयोग नाही.

हवालदार_काका:
शस्त्राचा विषय चाललाच आहे तर खंडेनवमीचं सांगून ठेवतो. आपल्याकडं घरोघरी शस्त्रपूजा होते. ज्यांच्या घरी परवान्याची बारा बोअर आहे, ते पाटावर मांडतात, हळदकुंकू लावतात, पोरं भोवती बसतात. पूजेआधी बंदूक मोडून दोन्ही नळ्या उजेडाला धरून बघा. काडतुसं पूजेला मांडायची असली तरी बंदुकीपासून लांब, दुसऱ्या पाटावर. आरती झाली की घरातल्या मोठ्यानं स्वतः उचलून कुलपात ठेवायची. पोराला ‘जा, ठेवून ये’ म्हणायचं नाही.

माळमारुती:
हे मात्र आमच्या गल्लीत सांगण्यासारखं आहे. डीक्यूबद्दल वाचून मत थोडं बदललं. मोठ्या मुलाला घेऊन एकदा रेंज बघायला येईन म्हणतो, नुसतं बघायला.

उद्यमबागकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. परवान्याचा विचार सध्या बाजूला ठेवला. जोबर्गकर, गुण कसे मोजतात तेवढं सांगाल का? वेग आणि अचूकपणा एकत्र म्हणजे कसं?

जोबर्गकर:
गुण भागिले सेकंद, त्याला ‘हिट फॅक्टर’ म्हणतात. लक्ष्याच्या मधल्या ‘ए’ भागाला ५ गुण. ९ मिमीवाल्यांना ‘सी’ ला ३ आणि ‘डी’ ला १. चुकलं तर उणे १०. न मारायचं पांढरं लक्ष्य लागलं तरी उणे १०.

समजा १२ फैरींची छोटी स्टेज आहे. सगळ्या ‘ए’ मध्ये, १० सेकंद: ६० भागिले १०, म्हणजे ६. दुसऱ्यानं घाई केली, ८ सेकंद, आठ ‘ए’, चार ‘सी’: ५२ भागिले ८, ६.५. तो जिंकला. तिसऱ्यानंही ८ सेकंद घेतले, पण त्या चार ‘सी’ मधली एक फैर पार चुकली: ४० अधिक ९ वजा १०, ३९ भागिले ८, ४.९ सुद्धा नाही. एका चुकलेल्या फैरीनं तो तळाला गेला. म्हणून आमचे जुने खेळाडू नवख्याला पहिल्या वर्षी घड्याळाकडे बघूच देत नाहीत.

होल्स्टरबद्दल एक. ट्रिगर पूर्ण झाकणारं, कडक. पिस्तूल काढताना लोक घाई करतात, पण अपघात जास्त ठेवताना होतात, शर्टाचं टोक किंवा बोट आत अडकून. ठेवायला बक्षीस नाही, त्यामुळे बघून, सावकाश. आणि होल्स्टरमधून पिस्तूल काढणं व्हिडिओ बघून घरी शिकू नका, एअर पिस्तुलानंही नाही. ते शिकवणाऱ्याच्या समोरच.

उद्यमबागकर:
मग घरी काहीच सराव करता येणार नाही का? आणि मला चष्मा आहे, उणे दीड.

दहा_मीटर:
घरी करता येतो, पण क्लबात दोन-तीन महिने झाल्यावर. बहुतेक स्पर्धेच्या एअर पिस्तुलांत रिकामा ट्रिगर दाबायची सोय असते. छर्‍यांचा डबा दुसऱ्या खोलीत. समोर कोरी भिंत, जिच्यापलीकडे माणसांचा वावर नाही. खोलीचं दार बंद, मोबाइल बाहेर. चेंबर बघून सुरुवात करा. पंधरा-वीस मिनिटं पुरे. संपलं की मोठ्यानं ‘संपलं’ म्हणायचं आणि पिस्तूल पेटीत. पेटी बंद केल्यावर ‘अजून एकदा’ म्हणून परत उघडायची नाही, कारण तोवर आपण डबाही परत जागेवर आणलेला असतो आणि डोक्यात सराव संपलेला असतो.

चष्म्याची अडचण नाही. पुढची माशी स्पष्ट दिसली पाहिजे, लक्ष्य थोडं धूसर चालतं. ताजा नंबर काढून या, डॉक्टरांना हात लांब केल्यावरच्या अंतरावरचं स्पष्ट हवंय असं सांगा. चष्म्याच्या बाजूनं उघडं राहतं, तिथे झाकण लावून घेऊ. ०.२२ किंवा मोठ्या पिस्तुलाच्या रेंजवर जाल तेव्हा कानात इअरप्लग आणि वर मफ, दोन्ही. १४० डेसिबलच्या वर एकाच बारानं कानाला कायमची इजा होऊ शकते आणि ९ मिमीचा बार त्याच्या वर जातो.

रविवारी सकाळी या. बंद बूट घाला, बाहीचा शर्ट, गळा फार उघडा नको, गरम काडतूस आत पडतं तेव्हा माणूस दचकून नळी फिरवतो. एअरला तो प्रश्न नाही, पण सवय आत्तापासून. काही विकत घेऊन येऊ नका. वडिलांना आणलंत तर उत्तमच.

उद्यमबागकर:
आणतो. ते स्वतःच विचारत होते किती वाजता निघायचं.

हवालदार_काका:
मीही येतो रविवारी. खानापूरहून पहिली गाडी धरतो.